मालाचे दगड होतात तेव्हा

गेल्या सेमिस्टरच्या सबमिशनच्या धामधुमीत माझ्या रूममेटने रात्री एक वाजता मला हलवून उठवलं. त्याचा मोठा भाऊ पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत होता. "होता" म्हणजे दोन महिन्यांपूर्वीपर्यंत. नोकरी गेली होती आणि घरी कुणालाच माहीत नव्हतं. रोज सकाळी नऊला बॅग अडकवून दादा खोलीबाहेर पडायचे, दिवसभर कुठल्यातरी बागेत नाहीतर वाचनालयात बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पगाराच्या तारखेला क्रेडिट कार्डावरून पैसे उचलून गावी पाठवायचे! "तुझ्या घरी हे सगळं होऊन गेलंय. तू बोल ना त्याच्याशी," रूममेट म्हणाला.

मी मोबाईल घेतला आणि लिहिलं, "दादा, धीर सोडू नका. सगळं ठीक होईल." वाचलं आणि पुसून टाकलं. आमच्या घरी हे वाक्य एवढ्या लोकांनी म्हटलं होतं की शेवटी शेवटी कुणी ते बोललं की आई उठून चहा ठेवायला जायची. शेवटी मी दादांना फोनच केला. तेव्हा जे तोडकंमोडकं बोललो तेच इथे जरा नीट लिहितोय, थोडी वाचलेली भर घालून. वर्ग संपताना रिकामे डोळे घेऊन बसलेले दोन-तीन चेहरे मला दिसतात. त्यांच्याही घरी काहीतरी चाललं असावं, म्हणून मासिकात देतोय.

माझं गाव गिरड. वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. आमच्याकडे टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान सगळेच जातात, नवस बोलतात, फेडतात. या टेकडीवर गोलसर खडे सापडतात, कुणी सुपारीएवढे, कुणी जायफळासारखे. त्यांची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. दोन फिरते व्यापारी माल घेऊन चालले होते. त्यांनी बाबांची टिंगल केली आणि त्यांचा सगळा माल दगड होऊन पडला. मग रडले, पाया पडले. बाबांनी वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, आणि ते दोघं कायमचे तिथेच राहिले, बाबांच्या सेवेत.

इंजिनिअरिंगला आल्यावर जिऑलॉजीच्या सरांनी सांगितलं की ते खडे झिओलाईटचे आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला, थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांमध्ये ही खनिजं साचत गेली. सरांचं बरोबरच आहे. पण गोष्टीतला एक भाग मला तेव्हा कधी सुचला नव्हता : सकाळी माल होता, संध्याकाळी दगड होते, आणि त्या दोघांना घरी काय सांगायचं हा प्रश्न पडला असणार.

आमच्या घरी हा प्रश्न २०२३ च्या दिवाळीनंतर आला.

बाबा एका सूतगिरणीत रिंगफ्रेमच्या खात्यात फिटर होते. सतरा वर्षं. गिरणीचं नाव लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर कामगार गेटवर गेले तर गेटला कुलूप आणि बाजूला नोटीस. माझं तिसरं सेमिस्टर चालू होतं, परीक्षा तोंडावर. मला कळलं ते जानेवारीत, घरी गेल्यावर. तोपर्यंत बाबा रोज डबा घेऊन मोटारसायकलवर गेटपर्यंत जायचे आणि दुपारी परत यायचे. मी विचारलं, "बाबा, गिरणी बंद आहे तं कायले जाता?" तर म्हणाले, "अरे बाबू, उघडली आन् मी नसलो तं?"

त्या सुट्टीत मला एक गोष्ट जाणवली. लहानपणी बाबांसोबत चालायचं म्हणजे मला पळावं लागायचं. आता घरून बसस्टँडला जाताना मला थांबून त्यांची वाट पाहावी लागत होती. पाय चांगले, गुडघे चांगले. मला वाटलं वय झालं असेल.

नंतर लायब्ररीत ह्युमॅनिटीजच्या असाइनमेंटसाठी पुस्तकं चाळताना मारीएन्थालबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ हे गिरणीचं गाव. १९२९-३० मध्ये तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तिघं तरुण संशोधक तिथे गेले, आणि १९३३ साली त्यांचं पुस्तक निघालं. नुसती प्रश्नावली घेऊन ते बसले नाहीत. त्यांनी मोजमाप केलं, अगदी आपल्या लॅबसारखं! लोक काय जेवतात, मुलं डब्यात काय आणतात, वाचनालयातून किती पुस्तकं जातात. आणि खिडकीआड बसून घड्याळ लावून मुख्य रस्त्यावरून जाणारी माणसं किती वेगाने चालतात तेही मोजलं. पुरुष बायकांपेक्षा हळू चालत होते, आणि चालता चालता कितीदातरी उगाच थांबत होते. बायकांना घरी चूल होती, मुलं होती. त्यांचा दिवस भरलेला होता. पुरुषांना दिवसभरात काय केलं ते विचारलं तर सांगता येईना. आता वेळच वेळ आहे तर लोक जास्त वाचतील असं आपल्याला वाटेल. तर वाचनालयातून जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली होती.

हे वाचून मला पहिल्यांदा कळलं की बाबा आळशी झाले नव्हते, म्हातारेही झाले नव्हते. गिरणीचा भोंगा पगाराबरोबर आणखी काहीतरी देत होता. याहोदाबाईंनी पुढे त्याची यादीच केली : दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांची गाठभेट, चार जणांसोबत मिळून काही केल्याची भावना, समाजात एक जागा, आणि हातपाय हलते राहणं. नोकरी गेली की पगारासोबत ही पाचही जातात. पगाराचा बंदोबस्त व्हायला वेळ लागतो, पण बाकीच्यातल्या दोन-तीन गोष्टी उद्या सकाळपासून परत आणता येतात, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

मात्र याच अभ्यासात दुसरीही गोष्ट आहे, ती लपवून चालणार नाही. ज्या घरात उत्पन्न जितकं खाली गेलं, तितका त्या घराचा धीर सुटत गेला. म्हणजे नुसतं "पॉझिटिव्ह राहा" सांगून भागत नाही. धीराला रुपयांचा टेकू लागतोच. म्हणून आधी हिशोब.

हा हिशोब आपल्याला फर्स्ट इयरपासून येतो. टाकीत पाणी आहे, खालचा नळ चालू आहे, वरून बारीक धार येतेय. टाकी किती वेळात रिकामी होईल? शिल्लक भागिले (खर्च वजा आवक). एवढंच. पण हे गणित घरी मांडायला मला चार दिवस लागले, कारण बाबा कागदाजवळ यायलाच तयार नव्हते.

शेवटी एका रात्री जेवणं झाल्यावर मी, आई आणि बाबा बसलो. किराणा, दूध, वीज, गॅस ७,००० रुपये. माझं होस्टेल आणि मेस ४,५००. आजीची औषधं ८००. मोटारसायकलचा हप्ता २,२००. बेरीज १४,५००. आई शिवणकामाचे २,५०० आणायची. बँकेत ३८,००० आणि भिशीचे १०,०००, म्हणजे शिल्लक ४८,०००. मी भागाकार करून चार महिने असं लिहिलं. आई म्हणाली, "जमत नाही तुहा हिशोब. महिन्याले हजार रुपये अजून कुठी जाते?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाबांनी सांगितलं. माझ्या फीसाठी त्यांनी एकाकडून २०,००० उचलले होते. शेकडा पाचने. महिन्याला १,००० रुपये व्याज जात होतं, आणि मुद्दल जिथल्या तिथे. मला कळलं असतं तर मी कॉलेज सोडलं असतं, म्हणून सांगितलं नाही म्हणे. मी रडलो, हे इथे लिहायला लाज वाटत नाही. आई रडली नाही. तिने गळ्यातली पोत काढून कागदावर ठेवली.

शेकडा पाच म्हणजे किती हे वाचणाऱ्यांनी एकदा स्वतः करून पाहावं. महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. बँकेत सोनं तारण ठेवलं तर साधारण शेकडा एकच्या आसपास पडतं. त्याच २०,००० ला महिन्याला १,००० ऐवजी २०० रुपये. दुसऱ्या दिवशी आईबाबा दोघं बँकेत गेले, आणि त्या माणसाचे पैसे त्याच्या हातात ठेवून चिठ्ठी फाडून आले. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, पण हे माहीत असूनही माणूस तिथेच जातो. कारण तिथे कागद मागत नाहीत आणि चारचौघात उभं राहावं लागत नाही. पुण्याच्या दादांचं क्रेडिट कार्ड मला याच सावकाराचं शहरी भावंड वाटलं. कार्डावरून रोख काढली की व्याज त्याच दिवसापासून चढायला लागतं. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपबद्दल तर बोलायलाच नको.

मग आम्ही तिघांनी नळ आवळायला घेतला. मोटारसायकल विकून तिचं कर्ज मिटवलं, २,२०० वाचले. मी दोन मित्रांसोबत खोली घेऊन स्वयंपाक सुरू केला, १,२०० वाचले (पहिला महिना आम्ही काय खाल्लं ते विचारू नका). व्याजाचे ८०० वाचले. आई सीझनभर कापूस वेचायला गेली, त्याचे महिन्याला सरासरी २,६०० आले. आता खर्च ११,३००, आवक ५,१००, तूट ६,२००. तीच ४८,००० ची शिल्लक आधी पावणेचार महिनेही पुरत नव्हती, ती आता साडेसात महिन्यांच्या वर गेली. परिस्थिती तीच, नोकरी नाहीच. पण त्या रात्री बाबा पहिल्यांदा झोपले, असं आई सांगते. किती दिवस आहेत हे माहीत असलं की माणूस त्या दिवसांचं काही करू शकतो.

हक्काचे पैसेही बघायचे असतात, आणि हे काम घरातल्या शिकलेल्या पोराने करावं. बाबांना ग्रॅच्युइटी हा शब्द माहीत होता, हिशोब नाही. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जो आकडा येतो त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. बाबांचा आकडा ११,७०० होता. वर्षाला ६,७५० झाले, सतरा वर्षांचे १,१४,७५०. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. प्रॉव्हिडंट फंड वेगळा. ज्यांचा ई.एस.आय.सी.चा हप्ता कापला जात होता, त्यांना नोकरी गेल्यावर काही काळ ठराविक भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे, जास्तीत जास्त ९० दिवस. आमच्या ओळीतल्या सहा घरांपैकी एकालाही ती माहीत नव्हती. आणि आपल्यासाठी : राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. महाडीबीटीची तारीख गेली की कुणी ऐकत नाही, मी ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून हे शिकलोय.

हे पैसे हाताशी आले का? आले, पण फार उशिरा, आणि सगळे अजून आलेले नाहीत. म्हणून ते आवकेत धरायचे नसतात. आले तर शिल्लक.

आता त्या गेटबद्दल. बाबांच्या रोजच्या फेरीला मी मनातल्या मनात हसायचो, पण ती किती जणांनी मारली आहे ते नंतर कळलं. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. आज सुटेल, उद्या सुटेल म्हणत घरं वाट पाहत राहिली. कोणी गावी कोकणात, घाटावर परतलं, कुणी भाजीची गाडी लावली, बायकांनी खानावळी चालवल्या. आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, २००२ मध्ये ती बंद झाली. सव्वाशे वर्षं! ज्या गिरणीत आजोबा, बाप, नातू लागले, ती बंद होऊ शकते यावर कोणाचा विश्वास बसेल? आणि गिरण्यांच्या आधीही हेच झालं होतं. वऱ्हाड-नागपूरचा कापूस एकेकाळी बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठी मिर्झापूरपर्यंत जायचा. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. पाठीवर माल वाहणाऱ्या बंजारा तांड्यांचा धंदा हळूहळू गेला आणि ते शेतीकडे, मजुरीकडे वळले. त्यांच्यात काही खोट नव्हती, बैलांतही नव्हती. मला हे वाचून बरं वाटलं, आणि बाबांना सांगितल्यावर त्यांनाही. आपलं काम गेलं म्हणजे आपण निकामी, हा जो किडा डोक्यात वळवळतो ना, त्याला इतिहास हे चांगलं औषध आहे.

महाराष्ट्राने तर काम मागण्याला हक्कच मानलं. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली; १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. चांगल्या जमिनीचे मालक त्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसले होते. काम मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे, हे तेव्हा पाटलालाही कळलं आणि मजुरालाही.

बाबांचं गेटवर जाणं मी बंद करू शकलो नाही. मोटारसायकल विकल्यावर ते आपोआप बंद झालं. मग आईने एक युक्ती केली. डबा भरणं चालूच ठेवलं. "डबा भरला हाय, आता कुठी जाचं ते तुमी पाहा," असं म्हणाली. पहिले काही दिवस ते डबा घेऊन तळ्याकडे गेले. मग एक दिवस समुद्रपूरला एका मोटर वाइंडिंगच्या दुकानात ओळखीच्या माणसाकडे जाऊन बसले. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या पाणबुडी मोटरी तिथे जळून येतात. बाबांना वाइंडिंग येत नव्हतं. पण बेअरिंग काढणं, शाफ्ट सरळ करणं, पुल्या जुळवणं यात सतरा वर्षं गेली होती. त्या दुकानदाराला नेमकं तेच जमत नव्हतं. आधी आठ दिवस फुकट, मग रोजी, मग अर्ध्या भागाने. घरी एक पेटी होती, गिरणीच्या काळात स्वतःच्या पैशांनी घेतलेले पाने, पुलर, डायल गेज. ती पेटी इतके दिवस खाटेखाली होती.

पुण्याच्या दादांना मी फोनवर ही पेटीचीच गोष्ट सांगितली. त्यांना विचारलं की कंपनीचा लॅपटॉप परत केल्यावर तुमच्याजवळ काय उरलं? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की सात वर्षं बिलिंगचा सॉफ्टवेअर सांभाळलाय, दुकानदारांची भाषा कळते. मी म्हटलं, ते लिहून काढा. पण त्याच्या आधी आजच्या आज घरी सांगा. ते म्हणाले, "बाबांना बीपी आहे." मी म्हटलं, "माझ्या बाबांनी पण मला असंच काही वाटू नये म्हणून लपवलं होतं. कळलं तेव्हा मला नोकरी गेल्याचं दुःख कमी झालं, एकट्याने ओढल्याचं जास्त झालं." यावर ते काही बोलले नाहीत.

दोन दिवसांनी रूममेटच्या आईचा फोन आला. त्यांच्या वडिलांना बीपीचं काही झालं नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं म्हणे, की मग एवढे दिवस जेवत कुठे होतास? दादा आता घरी येऊन राहिलेत. पुण्याची खोली सोडल्याने भाडं वाचलं. कार्डाचं देणं काकांनी आपल्या ठेवीतून भरलं आणि महिन्याला जमेल तसं मला परत कर असं सांगितलं. नोकरी अजून लागलेली नाही. सकाळी नऊला टेबलाशी बसायचं हा नियम ठेवलाय. एका धान्याच्या दुकानदाराचं स्टॉकचं काम मिळालंय, पैसे थोडेच आहेत. रात्री जेवणानंतर ते वडिलांसोबत फिरायला जातात.

आमच्याकडे म्हणाल तर बाबांची कमाई अजूनही गिरणीच्या पगाराएवढी होत नाही, उन्हाळ्यात बरी होते, पावसाळ्यात बसते. आईची पोत मागच्या अक्षय तृतीयेला सोडवली. चालण्याचा वेग मी घड्याळ लावून मोजलेला नाही. पण परवा घरी गेलो तेव्हा बसस्टँडवरून घरी येताना ते पुढे आणि मी बॅग घेऊन मागे, असं होतं. वाटेत त्यांनी विचारलं, "कॅम्पसचं काय झालं तुह्या?"

म्हटलं, "दोन कंपन्या येऊन गेल्या. नाही झालं अजून."

"बरं," ते म्हणाले, "मंग परीक्षा झाली की ये इकडे. मोटरी लय पडल्या आहेत दुकानात."